आधी हत्यारं, मग कपाट

घरच्या वर्कशॉपसाठी हत्यारांची पेटी किंवा खणांचं कपाट घ्यायला निघालेले बरेच जण मला विचारतात, "कुठलं घेऊ?" मी उलट विचारतो, "ठेवायचं काय आहे?" माझं छोटं वर्कशॉप पुण्यातल्या घराच्या तळमजल्यावर आहे आणि रत्नागिरीजवळच्या घरीही हत्यारांचा एक संच असतो. कोरड्या आणि दमट अशा दोन्ही हवांमध्ये हत्यारं सांभाळताना जे पक्कं समजलं, ते इथे क्रमाने मांडतो.

१. दुकानात जाण्याआधी हत्यारं जमिनीवर मांडा.
एक जुनी सतरंजी अंथरा आणि घरातलं प्रत्येक हत्यार तिच्यावर ठेवा. पाने एकीकडे, पकडी एकीकडे, कानशी, पटाश्या, मोजमापाची साधनं वेगळी, ड्रिल आणि ग्राइंडर वेगळे. मग सगळ्यांत लांब हत्यार मोजा. हॅकसॉचं ब्लेड १२ इंची असलं तरी मुठीसकट फ्रेम त्याहून बरीच लांब भरते. मोठा पाइप पाना १८ इंची असतो. म्हणून खणाची आतली रुंदी २० ते २२ इंच हवी. बाहेरून तेवढं दिसणारं कपाट आतून दोन-तीन इंच कमी भरतं, तेव्हा टेप आत घालूनच मोजा.

२. खण उथळ हवेत आणि जास्त हवेत.
माझ्या मते निवडीतला सगळ्यांत महत्त्वाचा मुद्दा हाच. सहा-आठ इंच खोल खणात हत्यारांचे थर साचतात आणि हवं ते नेमकं तळाशी असतं. पाने, पेचकस, कानशी, पटाश्या यांना दोन ते तीन इंच खोली पुरते. खोल खण एक-दोनच असावेत, ड्रिल, ग्राइंडर आणि हातोड्यांसाठी. उथळ खण मिसळणाच्या डब्यासारखा असतो, उघडला की सगळं एका नजरेत. माझ्या वरच्या खणात ६–७ पासून ३०–३२ पर्यंतचे पाने मापाच्या क्रमाने ठेवलेले आहेत. १२–१३ चा पाना जागेवर नसला, की ती मोकळी जागा लगेच डोळ्यांत भरते आणि काम आवरताना तो स्कूटरखाली राहून जात नाही. कानशी मात्र एकमेकींवर कधीही टाकू नका. दाते दात्यांवर घासून बोथट होतात, म्हणून प्रत्येकीला लाकडी पट्टीची स्वतंत्र खाच द्या.

३. पेटी फिरण्यासाठी, कपाट राहण्यासाठी.
दोन्ही बाजूंना उघडणारी पाच कप्प्यांची लोखंडी पेटी उत्तम वस्तू आहे, पण ती नळ दुरुस्तीला, गच्चीवर किंवा शेजाऱ्यांकडे न्यायची. एका हाताने सहज उचलता येईल एवढंच वजन तिच्यात ठेवा. सगळा संसार पेटीत भरला, की ती जागची हलत नाही आणि मग ना धड पेटी, ना धड कपाट.

४. पत्रा मोजून घ्या.
गेजचा आकडा जितका लहान, तितका पत्रा जाड. १८ गेज म्हणजे साधारण १.२ मिलिमीटर आणि २० गेज म्हणजे साधारण ०.९. घरगुती कपाटाला २० गेजचा सांगाडा चांगला, खणांना २२ चालतो. दुकानात व्हर्निअर न्यायला संकोच करू नका. तेही नसेल तर खणाच्या तळाच्या मध्यावर अंगठा दाबा. तळ टणटण वाजून खाली-वर होत असेल, तर भरलेल्या खणात तो पोट काढणार. एक मिलिमीटर जाडीच्या एक चौरस मीटर पत्र्याचं वजन ७.८५ किलो असतं, त्यामुळे कपाटाचं वजन विचारलं तरी पत्र्याचा अंदाज येतो.

५. पैसा चॅनलवर खर्च करा.
खण पूर्ण बाहेर येणारे बॉल बेअरिंगचे टेलिस्कोपिक चॅनलच घ्या. तीन-चतुर्थांश उघडणाऱ्या खणाचा मागचा भाग कायम अंधारात राहतो. चॅनलच्या जोडीची भारक्षमता विचारा. ३५ ते ४५ किलोची जोडी घरच्या कामाला पुरेशी आहे. रिकामा खण सगळ्याच दुकानांत लोण्यासारखा सरकतो, म्हणून आत काहीतरी जड ठेवून ओढून बघा. चॅनल स्क्रूने बसवलेलं असावं. वेल्डिंग केलेलं चॅनल खराब झालं, की बदलणं जिकिरीचं होतं.

६. कपाट पुढे पडू शकतं, हे विसरू नका.
भरलेले दोन-तीन खण एकाच वेळी बाहेर ओढले, की वजनाचा मध्य पुढच्या कडेच्या बाहेर जातो आणि अख्खं कपाट अंगावर येतं. घरात लहान मुलं असतील तर हा मुद्दा किमतीच्याही आधी. एका वेळी एकच खण उघडेल असं इंटरलॉक असलेलं कपाट घ्या. ते नसेल तर वरच्या बाजूला अँकर बोल्टने भिंतीत घट्ट बांधा. जड हत्यारं नेहमी खालच्या खणांत. आणि कुलूप हवंच. पटाशी आणि ब्लेड मुलांच्या हाती लागता कामा नये.

७. चाकं गरज असेल तरच.
कपाट हलवायचं असेल तर चार-पाच इंची चाकं घ्या. दोन सरळ, दोन फिरणारी, आणि फिरणाऱ्यांना ब्रेक. फरशीवर रबरी किंवा पीयूची चाकं चांगली, कडक प्लास्टिकची तडकतात. एकाच जागी राहणार असेल तर चाकांऐवजी चार इंची स्टँड करून घ्या. फरशी धुतलेलं पाणी आणि पावसाची ओल तळाला लागत नाही.

८. गंजाची तजवीज पहिल्याच दिवशी करा.
कोकणात पावसाळ्यात बंद खणातही गंज चढतो. काम संपलं की हाताचा घाम पुसून काढा, त्यातलं मीठ लोखंडाला खातं. मग शिलाई मशीनच्या तेलाचा पुसट हात फिरवा. खणात जाड फेल्ट किंवा गालिच्याचा तुकडा घालू नका, तो ओल धरून ठेवतो. त्यापेक्षा पातळ रबरी मॅट बरी. सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, पण निळे दाणे टाळा. त्यात कोबाल्ट क्लोराइड असतं. नारिंगी दाणे घ्या, आणि कुठलेही दाणे स्वयंपाकाच्या भांड्यात तापवू नका.

९. जुनं कपाट आणि स्थानिक कारागीर, दोन्ही विचारात घ्या.
कारखान्यांतून निघालेली जुनी कपाटं अनेकदा नव्यापेक्षा दणकट असतात. चॅनल बदलून आणि रंग देऊन ती पुढची कित्येक वर्षं चालतात. फॅब्रिकेशन करणाऱ्याला खणांची मापं कागदावर काढून दिली, तर तो तुमच्या हत्यारांना बेतून कपाट बनवून देतो. रेडीमेडच हवं असेल तर पुण्यात रविवार पेठेतली बोहरी आळी आणि मुंबईत नागदेवी स्ट्रीट पायी फिरा, चार दुकानांत खण ओढून बघा.

बजेट कमी असेल तर खणांची संख्या कमी करा, रंग साधा घ्या, चाकं सोडून द्या. पण पत्रा, चॅनल आणि भिंतीचे बोल्ट यांत काटकसर करू नका. आणि खरेदी पुढच्या आठवड्यावर ढकलायला लागली तरी चालेल, आधी सतरंजी अंथरा.