हट्टी काचबिंदू आणि लेसर

डोळ्याच्या आतील सिलिअरी बॉडी हा भाग सतत एक स्वच्छ द्रव निर्माण करीत असतो. त्याचा निचरा अडखळला की सामान्यतः १० ते २१ मिलिमीटर पारा असणारा डोळ्यातील दाब वाढतो आणि दृष्टीची नस झिजू लागते. गेलेली दृष्टी परत मिळत नाही. उरलेली जपणे एवढेच हाती राहते.

औषधाचे थेंब व शस्त्रक्रिया यांनाही दाब दाद देत नसेल, तर जावक वाढविण्याऐवजी आवकच कमी करावी लागते. १९७२ मध्ये यासाठी रुबी लेसर वापरला गेला. आता बहुधा ८१० नॅनोमीटरचा डायोड लेसर वापरतात. डोळा बधिर करून, बुबुळाच्या कडेलगत पांढऱ्या भागावर उपकरणाचे टोक टेकवून किरण सोडले जातात. उष्णतेने द्रव निर्माण करणाऱ्या काही पेशी निकामी होतात. मायक्रोपल्स पद्धतीत किरण तुटक सोडल्याने इजा कमी होते.

दाह, दृष्टी मंदावणे, क्वचित दाब अतिशय उतरणे हे धोके संभवतात. उपचार पुन्हाही करावा लागतो. थेंब व तपासण्या परस्पर बंद करू नयेत. कुटुंबात काचबिंदू असल्यास चाळिशीपासून नियमित नेत्रतपासणी करणे श्रेयस्कर होय.