डीएसकेंचा प्रवास: फोन पुसण्यापासून टाउनशिपपर्यंत, आणि तिथून खाली



डोंबिवलीत स्टेशनबाहेर दहा मिनिटं उभं राहिलात, तर इस्टेट एजंटचे किती बोर्ड दिसतात ते मोजून बघा. पूर्वेला जुन्या चार मजली सोसायट्या रिडेव्हलपमेंटला निघाल्यात, मानपाड्याच्या पुढे पलावासारखं अख्खं नवं शहर उभं राहिलंय. त्यामुळे 'सर, मला प्रॉपर्टीच्या लाइनमध्ये यायचंय' असं सांगणारी मुलं क्लासमध्ये नेहमी भेटतात. या लाइनमध्ये यायच्या आधी एका मराठी माणसाचा प्रवास नीट समजून घ्या. चढतानाचा पण आणि उतरतानाचा पण.

सुरुवात: भांडवल नाही, पण नजर आहे

पुण्याचे दीपक सखाराम कुलकर्णी, म्हणजे डीएसके. मध्यमवर्गीय घर, वडिलोपार्जित धंदा नाही. १९७०च्या सुमारास त्यांनी 'टेलिस्मेल' नावाची सेवा सुरू केली. ऑफिसातले टेलिफोन पुसून स्वच्छ करायचे, त्याला सुगंध लावायचा आणि त्याचे महिन्याला थोडे पैसे घ्यायचे. आज ऐकायला गंमत वाटेल. पण विचार करा, या कामाला भांडवल किती लागलं? जवळजवळ शून्य. आणि मिळालं काय? पुण्यातल्या ऑफिसांचे दरवाजे उघडले, मोठ्या माणसांशी ओळख झाली.

त्याच ओळखीतून पुढे रंगकाम, घरदुरुस्तीची कामं आली. घर दुरुस्त करता करता गिऱ्हाइकाला काय टोचतं ते कळलं, आणि मग १९८०च्या दशकात ते स्वतः इमारती बांधायला लागले. 'घराला घरपण देणारी माणसं' ही त्यांची ओळ महाराष्ट्रात घराघरात पोचली. धायरीची डीएसके विश्व ही टाउनशिप झाली, कंपनी शेअर बाजारात गेली. पुढे मोटारींची डीलरशिप, मोटारसायकली, शिक्षणसंस्था, फुटबॉल क्लबसुद्धा.

इथपर्यंतचा धडा सोपा आहे. लहान कामातून ओळख, ओळखीतून विश्वास, विश्वासातून मोठं काम. घाई न करता एकेक पायरी.

मग चुकलं कुठे?

डीएसकेंच्या नावावर लोकांचा एवढा विश्वास होता की निवृत्त झालेली माणसं आपली ग्रॅच्युइटी, फंडाचे पैसे त्यांच्याकडे मुदत ठेवीत ठेवायची. एकीकडे ठेवींची मुदत संपत होती, दुसरीकडे फुरसुंगीच्या 'ड्रीम सिटी'सारखे अवाढव्य प्रकल्प. २०१७ पर्यंत व्याज आणि मुद्दल थकायला लागलं, ठेवीदार पोलिसांत गेले. फेब्रुवारी २०१८ मध्ये डीएसकेंना अटक झाली. पोलिसांनी आरोपपत्रात दोन हजार कोटींहून अधिक रकमेच्या फसवणुकीचा आणि पैसे दुसरीकडे वळवल्याचा आरोप ठेवला. २०१९ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. डीएसकेंना जामीन मिळाला तो २०२२ मध्ये, चार वर्षांहून जास्त काळ तुरुंगात काढल्यावर.

आरोप खरे की खोटे, ते कोर्ट ठरवेल. आपण न्यायाधीश नाही. पण धंद्याचं गणित आपण शिकू शकतो, आणि ते गणित तुमच्या एका छोट्या कामालाही तंतोतंत लागू पडतं.

एक वर्षाचा पैसा, तीन वर्षांचं काम

समजा, तुम्ही मेहुण्याकडून १० लाख घेतले. एक वर्षाची बोली, १२ टक्के व्याज. ते एका जागेत घातले. काम पूर्ण होऊन पैसा मोकळा व्हायला तीन वर्षं लागणार.

वर्ष संपलं की मेहुण्याला ११ लाख २० हजार द्यायचे. ते आहेत कुठे? पायात, कॉलममध्ये, मंजुरीच्या फायलीत. मग तुम्ही मित्राकडून ११ लाख २० हजार घेऊन मेहुण्याला देता. मेहुणा खूश, सगळ्यांना सांगतो, 'माणूस शब्दाचा पक्का!' दुसऱ्या वर्षी मित्राला द्यायला तिसरा माणूस शोधता. तीन वर्षांनी देणं झालं १४ लाख ५ हजारांच्या आसपास. तोवर एक फ्लॅट विकायचा राहिला किंवा मंजुरी सहा महिने लांबली, की संपलं. शेवटचा जो पैसे देणारा, तो अडकला.

बघा, यात कोणाचीही फसवायची इच्छा नव्हती. तरी फसवणूक झालीच. म्हणून वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवा: लोकांनी विश्वासाने दिलेला पैसा ही कमाई नाही, ती जबाबदारी आहे.

कायदा पण हेच सांगतो

महारेरा २०१७ मध्ये सुरू झालं. त्यात बिल्डरला ग्राहकांकडून आलेल्या पैशांपैकी ७० टक्के रक्कम त्या प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात ठेवावी लागते. ती जमीन आणि बांधकामावरच खर्च करायची, आणि काम जेवढं झालं तेवढ्या प्रमाणातच काढायची. त्यासाठी इंजिनिअर, आर्किटेक्ट आणि सीएचा दाखला लागतो. विक्रीचा करार नोंदवल्याशिवाय १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही.

पण नुसत्या रेरा नंबरवर विसंबू नका. आपल्याच डोंबिवलीचं उदाहरण समोर आहे. महापालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून रेरा नोंदणी मिळवल्याचं ६५ इमारतींचं प्रकरण बाहेर आलं, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला. कर्ज काढून घर घेतलेली कुटुंबं रस्त्यावर यायची वेळ आली. त्यांना ते घर कोणीतरी दाखवलं होतं ना? दलाली घेऊन कोणीतरी 'सगळं क्लिअर आहे' म्हटलं होतं ना? तो माणूस तुम्ही व्हायचं नाही.

तुम्ही सुरुवात कशी कराल?

१. आधी एजंट म्हणून नोंदणी करा. महारेराचं प्रशिक्षण आणि परीक्षा पास करा, मग नोंदणी. नोंदणीशिवाय रेरातल्या प्रकल्पाचा फ्लॅट विकला तर दिवसाला १० हजार रुपये दंड लागू शकतो.

२. पहिली दोन-तीन वर्षं भाड्याची आणि जुन्या फ्लॅटची कामं करा. हे तुमचं 'टेलिस्मेल'. पैसा कमी, पण ओळख आणि कागदांची समज मिळते.

३. नवीन इमारत दाखवण्याआधी बांधकाम परवानगीचा नंबर घेऊन स्वतः केडीएमसीच्या नगररचना विभागात खात्री करा. झेरॉक्सवर विश्वास नाही.

४. टोकनचा चेक मालकाच्या किंवा बिल्डरच्या नावाने. आपल्या खात्यात एक रुपया पण नाही, 'दोनच दिवसांसाठी' म्हणून सुद्धा नाही.

५. उधार पैसा घ्यायचाच असेल, तर कामाच्या मुदतीपेक्षा परतफेडीची मुदत जास्त हवी. तसा पैसा मिळत नसेल, तर ते काम तुमच्यासाठी अजून मोठं आहे. सोडून द्या.

आजचा गृहपाठ

कागदावर दोन रकाने करा. डावीकडे 'माझा पैसा', उजवीकडे 'लोकांचा पैसा'. आज तुमच्या खात्यात, खिशात, गल्ल्यात जे काही आहे ते वाटून लिहा. उजवीकडची प्रत्येक रक्कम कधी परत द्यायची, ती तारीख समोर टाका. मग स्वतःला विचारा: त्या तारखेला हा पैसा कुठून येणार? 'दुसऱ्याकडून घेऊन' असं उत्तर आलं, तर आजच थांबा आणि हिशोब नीट करा.

नाव कमवायला डीएसकेंना तीस-चाळीस वर्षं लागली. जायला एक वर्ष पुरलं.

भेटू पुढच्या भागात. धंदा करा, पण झोप शांत लागेल असाच करा!