हरत आलेला डाव

सायंकाळीं शाळेच्या पटांगणावर सामना चाललेला असतो. एका बाजूच्या धावा वाढतच जातात, दुसऱ्या बाजूचीं मुलें चेंडूमागें धांवून थकतात, आणि अशा वेळीं त्यांच्यांतील कोणी तरी म्हणतो, “आम्ही हरलों असें समजा, आम्ही घरीं चाललों.” या बोलण्यांत वावगें काय आहे? हार तर ठरलेलीच आहे. मग उरलेला खेळ खेळण्यांत अर्थ कोणता? हा प्रश्न आम्हांस लहान वाटत नाहीं. त्याचें उत्तर शोधण्यासाठीं विद्यार्थिमित्रांनीं व त्यांच्या पालकांनीं आमच्याबरोबर रणजी करंडकाचा १९४८-४९ चा मोसम पाहावा. त्या एकाच मोसमांत पुण्यास दोन सामने असे झाले कीं, त्यांनीं या प्रश्नाचीं दोन निरनिराळीं उत्तरें दिलीं.

प्रथम या स्पर्धेची थोडी ओळख करून घेऊं. नवानगरचे जामसाहेब रणजितसिंहजी हे क्रिकेटचे थोर खेळाडू १९३३ सालीं वारले. त्यांच्या स्मरणार्थ पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंह यांनीं करंडक दिला व १९३४-३५ पासून ही स्पर्धा सुरू झाली. त्या काळीं ती बाद पद्धतीनें खेळली जाई. बाद पद्धत म्हणजे जो हरला तो घरीं गेला. त्याला त्या वर्षीं दुसरी संधि नाहीं. हिचें गणितहि सोपें आहे. सोळा संघ असले तर विजेता ठरविण्यास किती सामने लागतील? प्रत्येक सामना एका संघास बाहेर घालवितो आणि पंधरा संघ बाहेर जावयाचे असतात. म्हणून सामने पंधरा. एरव्हीं संघांची वांटणी विभागवार होत असे. १९४८-४९ मध्यें मात्र विभाग बाजूस ठेवण्यांत आले होते. पुढें १९५७-५८ पासून विभागांत साखळी सामने सुरू झाले व पहिल्याच पराभवानें घरीं जाण्याची ती जुनी रीत मागें पडली.

आतां पहिला सामना. डिसेंबर १९४८ मध्यें पुण्यास महाराष्ट्र व काठेवाड यांची गांठ पडली. काठेवाडचा डाव २३८ धावांत आटोपला. नंतर महाराष्ट्राचे भाऊसाहेब निंबाळकर खेळावयास आले. कमल भांडारकर यांच्या जोडीनें त्यांनीं दुसऱ्या गड्यासाठीं ४५५ धावांची भागी केली. तींत भांडारकरांच्या स्वतःच्या २०५ धावा झाल्या. भांडारकर गेले तरी निंबाळकर खेळतच राहिले. ४९४ मिनिटांत ४९ चौकार व एक षट्कार मारून त्यांनीं ४४३ धावा केल्या, व तरीहि ते नाबाद होते. महाराष्ट्राच्या धावा ४ गडी बाद ८२६ झाल्या होत्या.

प्रथम श्रेणीच्या क्रिकेटांत एका खेळाडूचा सर्वांत मोठा डाव त्या वेळीं ऑस्ट्रेलियाच्या डॉन ब्रॅडमन यांचा होता. १९३० सालीं सिडनी येथें न्यू साउथ वेल्सकडून खेळतांना त्यांनीं नाबाद ४५२ धावा केल्या होत्या. त्यांच्या बरोबरीस निंबाळकरांस अवघ्या नऊ धावा हव्या होत्या. परंतु विश्रांतीच्या वेळीं काठेवाडचे कप्तान, राजकोटचे ठाकूरसाहेब, यांनीं डाव बंद करण्याची मागणी केली. ती मान्य न होतां त्यांनीं सामना सोडून दिला. काठेवाडचा संघ पुन्हां मैदानांत उतरला नाहीं आणि त्या नऊ धावा कायमच्या राहून गेल्या.

काठेवाडच्या खेळाडूंस दोष देणें सोपें आहे. पण ५८८ धावांची पिछाडी, उन्हांत चाललेलें क्षेत्ररक्षण आणि जिंकण्याची आशा नाहीं, अशा स्थितींत आपण काय केलें असतें, हें प्रत्येकानें आपल्याशीं विचारून पाहावें. शिवाय आपला पराभव मान्य करण्याचा त्यांना अधिकार होता. मात्र तो सोडतांना त्यांच्या हातून जें गेलें तें केवळ त्यांचें नव्हतें. निंबाळकरांस भारताकडून कसोटी सामना खेळावयास कधींच मिळाला नाहीं. म्हणून त्या नऊ धावांचें मोल अधिकच वाटतें.

दुसरा सामना मार्च १९४९ मधील, उपांत्य फेरीचा. आतां जड डोंगर महाराष्ट्राच्याच माथ्यावर आला. मुंबईनें पहिल्या डावांत ६५१ धावा केल्या; त्यांत माधव मंत्री यांच्या २०० होत्या. महाराष्ट्रानें ४०७ धावांचें उत्तर दिलें. २४४ धावांची आघाडी असतांहि मुंबईनें पुन्हां फलंदाजी केली व ८ गडी बाद ७१४ धावांवर डाव बंद केला. उदय मर्चंट व दत्तू फडकर यांनीं दोन्ही डावांत शतकें काढलीं. महाराष्ट्रास जिंकण्यासाठीं किती धावा हव्या होत्या? मुलांनीं कागदावर गणित करून पाहावें. उत्तर ९५९ येईल.

असें लक्ष्य कोणीं कधीं गांठलें नव्हतें, व तें गांठतां येणार नाहीं हें मैदानावरील प्रत्येकास दिसत होतें. तरीहि महाराष्ट्राचे खेळाडू पॅड बांधून उतरले. पहिल्या डावांत १३३ धावा करणाऱ्या मधुसूदन रेगे यांनीं या निराशेच्या डावांतहि १०० धावा काढल्या. महाराष्ट्राचा शेवटचा गडी बाद झाला तेव्हां फलकावर ६०४ धावा होत्या. मुंबई ३५४ धावांनीं जिंकली, व पुढें अंतिम सामन्यांत बडोद्यास ४६८ धावांनीं हरवून तिनें करंडक मिळविला.

हा उपांत्य सामना सात दिवस चालला. त्यांत नऊ शतकें झालीं, व चारी डावांच्या मिळून २३७६ धावा झाल्या. प्रथम श्रेणीच्या कोणत्याहि एका सामन्यांत इतक्या धावा आजवर झालेल्या नाहींत. निंबाळकरांच्या आंकड्यापुढें नंतर १९५९ सालीं हनीफ महंमद व १९९४ सालीं ब्रायन लारा गेले. हा विक्रम मात्र उभा आहे. येथें एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. या २३७६ मधील ६०४ धावा हरणाऱ्या संघानें, हार समोर दिसत असतांना केलेल्या आहेत. त्या डावाआधींच महाराष्ट्रानें सामना सोडला असता तर १७७२ धावांवर हिशेब मिटला असता, आणि जगाच्या नोंदवहींत या सामन्यास ही जागा मिळाली नसती.

म्हणून पटांगणावरील त्या मुलास आम्ही एवढेंच सांगूं कीं, बाबा, निकाल हा खेळाचा एक भाग आहे, सारा खेळ नव्हे. समोरच्याच्या धावा त्याला करूं द्याव्या, आणि आपली पाळी आली म्हणजे ९५९ हव्या असल्या तरी पहिली धाव काढावयास निघावें.