सांदण दरी : पाण्याने कोरलेली वाट

उद्दिष्टे
हा पाठ वाचल्यानंतर तुम्हांला –
• सांदण दरी कशी घडली, हे स्वतःच्या शब्दांत सांगता येईल;
• या दरीत हिवाळ्यात का जावे व कोणती काळजी घ्यावी, हे स्पष्ट करता येईल.

मूळ पाठ

दोन वस्तूंमधील अरुंद फटीला मराठीत 'सांद' म्हणतात. 'सांदीकोपरा' हा शब्द तुम्ही ऐकला असेलच. सह्याद्रीच्या काळ्या कातळात अशीच एक प्रचंड सांद आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात, रतनगडाच्या परिसरात साम्रद नावाचे गाव आहे. या गावाजवळ जमीन एकाएकी दुभंगल्यासारखी दिसते. तीच सांदण दरी. दरीत उतरताच दोन्ही बाजूंचे उंच कडे इतके जवळ येतात, की आकाशाची केवळ एक निळी पट्टी उरते. भर दुपारीही तळाशी ऊन क्षणभरच टेकते.

ही दरी कोणी घडवली? सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या भूमीवर ज्वालामुखीचा तप्त लाव्हा पुनःपुन्हा पसरला. थरावर थर साचून बेसाल्ट हा कठीण खडक तयार झाला. थंड होताना खडक आकसला आणि त्याला भेगा पडल्या. पावसाच्या पाण्याने या भेगांतून वाट शोधली. वेगाने वाहणारे पाणी आपल्याबरोबर दगडगोटे घेऊन जाते; ते कातळावर घासतात, आदळतात आणि भेग रुंदावत नेतात. अग्नीने जे रचले, ते पाण्याने कोरले.

म्हणूनच पावसाळ्यात या दरीत जाणे जिवावर बेतू शकते. वरच्या पठारावर कोसळलेला पाऊस दरीच्या तळाशी असलेल्या माणसाला दिसत नाही. पण त्याचे पाणी याच चिंचोळ्या वाटेने येते आणि दोन्हीकडे उभे कडे असल्याने बाजूला सरकायला जागा नसते. चालताना डोक्याच्या वर, कड्याच्या खाचेत काटक्या-पाचोळा अडकलेला दिसला, तर समजावे की पूर तेथवर चढला होता.

हिवाळ्यात पाणी ओसरते आणि वाट मोकळी होते. तरीही काही डोहांतून चालावे लागते. ते पाणी बर्फासारखे गार असते. सुती कपडे भिजले की लवकर वाळत नाहीत आणि अंगातील ऊब हिरावून घेतात. म्हणून कोरड्या लोकरी कपड्यांचा एक जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून न्यावा. दिवस लहान असल्यामुळे सकाळी लवकर निघावे. शेवाळलेल्या दगडावर पाय देण्यापूर्वी तो पारखावा. कड्यांवर आग्या मोहोळ असू शकते. तेथे आरडाओरडा व धूर टाळावा. गावातील वाटाड्या सोबत असावा. पाण्याची व पावसाची लक्षणे त्याला अनुभवाने कळतात.

पुढे दरी कोकणाच्या दिशेने उतरू लागते. तेथील कातळटप्पे दोराच्या साहाय्यानेच उतरता येतात. दोर, साहित्य व जाणकार माणूस यांपैकी एकही नसेल, तर तेथूनच माघारी फिरावे. हिवाळ्यातही अवकाळी पावसाचे ढग दिसले, तर दरीत उतरूच नये. इतक्या दूर येऊन परतणे मनाला जड जाते. परंतु ज्या पाण्याने लाखो वर्षे खपून हा कातळ कापला, त्याच्यापुढे माणसाचा हट्ट तो किती? परत फिरलेल्याला दरी पुन्हा पाहता येते.

पाठगत प्रश्न
१. बेसाल्ट खडकाला भेगा का पडल्या?
२. 'अग्नीने जे रचले, ते पाण्याने कोरले.' या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
३. माघारी फिरणे हाही शहाणपणा असतो, हे तुमच्या अनुभवातील एखाद्या प्रसंगाच्या आधारे पाच-सहा वाक्यांत लिहा.

शब्दार्थ
कातळ – अखंड खडक. डोह – पाण्याचा खोल साठा. वाटाड्या – वाट दाखवणारा. अवकाळी – अवेळी येणारा