पाण्याचे तीन वाटे

शिरूर (घोडनदी)

चि. ओंकार,

येत्या हिवाळ्यात जैसलमेरकडच्या वाळवंटात एकट्याने सायकल चालवण्याचा तुझा बेत कळला. जाऊ नकोस, असं मी म्हणणार नाही. पण त्याआधी, ऊन तापू लागेल तेव्हा, एक पूर्ण दिवस शिरूरहून न्हावरा, पारगाव, चौफुला, पाटस असा दौंडच्या वाटेवर काढ. तो दिवस पायांचा जोर अजमावायला नको, एक सवय अंगी बाणवायला हवा. खात्रीच्या पाण्यापासून निघालास की सोबतच्या पाण्याचे तीन वाटे कर. पहिला वाटा संपला आणि पुढचं खात्रीचं पाणी नजरेच्या टप्प्यात नसेल, तर तिथूनच मागे फिर. दुसरा वाटा परतीचा. तिसरा वाऱ्याचा आणि काट्याचा. कोरड्या मुलखात एकट्याने फिरणाऱ्याला याहून मोठं शहाणपण लागत नाही, असं माझं ठाम मत आहे.

तू म्हणशील, आपल्याकडे कुठे वाळवंट आहे? नाही, हे खरं. लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि तिथून शंभरेक किलोमीटर पूर्वेला, सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत, शिरूर-दौंडला जेमतेम पाचशेच्या आसपास. जैसलमेरला तर दोनशेही मुश्किलीने. तरी आपला मुलूख शिकण्यासाठी अधिक चांगला, कारण तो फसवतो. घोड, भीमा, मुळा-मुठा आणि कालवे यांच्या काठचा ऊस पाहून सगळीकडे पाणी आहे असं वाटतं. रस्ता जरा वर चढला की जिरायत माळ सुरू होतो. टंचाईच्या वर्षी इथली गावंच टँकरची वाट पाहतात. हे आजचंही नाही. शिरूर तालुक्यातल्या इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं. इ.स.पू. १६०० ते ७०० या दरम्यान तिथे नांदलेल्या शेतकऱ्यांनी घोडनदीच्या पुराचं पाणी वळवायला चर खणला आणि बांध घातला होता. शेवटच्या काळात ऐसपैस चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या. पाऊस घटून शेती खालावली, असा त्याचा अर्थ अभ्यासकांनी लावला आहे. शेकडो वर्षं मुरलेल्या गावालाही पाण्यापुढे पाऊल मागे घ्यावं लागलं. एका दिवसाच्या पाहुण्याने ते घ्यायला लाजू नये.

मग निम्मं पाणी जायला आणि निम्मं यायला, हा सरळ हिशेब का नको? कारण जाणं आणि येणं सारखं नसतं. सकाळी हवा गार असते आणि अंग ताजं. ऊन बाराला डोक्यावर येतं, पण आधी जमीन तापते आणि मग हवा, म्हणून खरी भट्टी पेटते ती अडीच ते चारच्या सुमारास. उन्हाळ्यात दुपारनंतर पश्चिमेचा वारा सुटतो. चौफुल्याहून दौंडकडे जाताना तो पाठीशी असतो, त्याच वाटेने परतताना अंगावर येतो. कोरड्या हवेत घाम जागच्या जागी वाळतो, त्यामुळे तासाला लिटरभर पाणी अंगातून गेलं तरी कळत नाही, आणि तहान लागते ती उशिरा. त्यात बाभळीचा काटा किंवा सराटा टायरमध्ये घुसला, तर पंक्चर काढण्यात अर्धा तास उन्हात जातो. सायकल थांबते, घाम थांबत नाही. म्हणून तिसरा वाटा हवाच. त्या पाण्यात थोडं मीठ-साखर घाल. घामातून मीठही जातं, आणि नुसतं पाणी ढोसून ते भरून निघत नाही.

फोन आहे, वस्त्या आहेत, असं तू म्हणशील. वस्तीवर पाण्याला कोणी नाही म्हणणार नाही. पण ज्या घरी चार घागरी लांबून येतात, त्यांच्या भरवशावर आपला बेत आखणं मला योग्य वाटत नाही. फोन मदतीला माणूस बोलावतो, तो येईपर्यंतची सावली आणि पाणी देत नाही. आपल्या वाटेला मात्र एक मोठा आधार आहे: केडगाव, पाटस आणि दौंड ही पुणे-दौंड लोहमार्गावरची स्टेशनं. तिथवर पोचल्यावर अंग साथ देत नसेल, तर गाडी पकड. थरच्या वाळवंटात दर टप्प्याला असं स्टेशन नसेल, म्हणून त्याची गरज कुठे पडली ते इथेच टिपून ठेव.

एवढा हिशेब केला तर भटकंतीतली मोकळीक उरते का, ही तुझी शंका मला सर्वांत मोलाची वाटते. माझं उत्तर असं, की मोकळीक हिशेबानेच मिळते. पाणी पुरेल का, या धास्तीत असलेल्याला फक्त रस्ता दिसतो. ज्याचा निर्णय घरीच झाला आहे, त्याला माळावरचं कुसळी गवत दिसतं, चंडोलाची शीळ ऐकू येते. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीने २०१८ मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, सुमारे २९,००० किलोमीटरची पृथ्वीप्रदक्षिणा १५९ दिवसांत सायकलवर केली. सरासरी काढ: दिवसाला सुमारे १८० किलोमीटर. असं अंतर एका दिवसाच्या ईर्ष्येने कापता येत नाही. उद्या पुन्हा निघता येईल एवढं अंग आज राखावं लागतं. दोघे असतील तर एक दुसऱ्याला अडवतो. एकट्याला अडवणारा फक्त त्याचा आधीचा शब्द. दमलेल्या, तापलेल्या डोक्याला दुपारी तो नव्याने ठरवता येत नाही, म्हणून तो सकाळी घरात, थंड डोक्याने ठरवायचा असतो.

तेव्हा उत्तरात सायकलचं वर्णन नको. शिरूर-दौंड वाटेवर तुझं खात्रीचं पाणी कुठे कुठे आहे आणि प्रत्येक टप्प्यात तू कुठून मागे फिरशील, एवढं लिहून पाठव. मग ती वाट एकदा चालवून ये. एखाद्या ठिकाणाहून ठरल्याप्रमाणे मागे फिरलास, तरी मी तो दिवस पुरा झाला असंच मानीन.

तुझा,
मामा