गज कुठे गेला?

आधीच सांगतो, चूक माझी नव्हती. घरात मात्र अजून मलाच ऐकून घ्यावं लागतं.

पणजोबांचं चकमकीचं पिस्तूल साताऱ्याहून सांगलीला एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याकडे नेलं, नुसती किंमत काढायला. "आठ दिवस राहू द्या मालक, पुसूनबिसून देतो." राहू दिलं. परत आणल्यावर सवयीने गज, म्हणजे बारूद-गोळी ठासायची काडी, नळीत सोडला. आमचा गज तळाला टेकला की दोन बोटं बाहेर राहायचा. हा सरकन आत गेला आणि दिसेनासाच झाला! पिस्तूल उलटं करून ठोकल्यावर घरंगळत बाहेर आला. चकचकीत. एका टोकाची पितळी टोपी नाही, दुसऱ्या टोकाचं मळसूत्र नाही. अडकलेली गोळी त्या मळसूत्रानं ओढून काढायचे. पाहुण्यांना मी पहिलं तेच दाखवायचो.

फोन केला तर म्हणतो, "काडीच ती! तिला काय सोनं लागलंय?" मग बदललीस कशाला, बाबा? मिरजेच्या सतारमेकर गल्लीत एका कारागिरांना दाखवली. त्यांनी नखानं पॉलिश खरवडलं, वास घेतला. "ताजं सागवान."

तेव्हा पिस्तूल कुणाच्या हाती देण्याआधी गज बाहेर काढून, शेजारी पट्टी ठेवून, दोन्ही टोकांचे फोटो घ्या. माझ्याकडे पिस्तुलाचे ढीगभर फोटो आहेत, सगळ्यांत गज लाकडात लपलेला. पावतीवर 'गजासह' लिहून घ्या. बारूददान असेल तर त्याचं झाकणसुद्धा लिहा.

पिस्तूल ठासलेलं आहे का, हेही गजच सांगतो. नळीचं तोंड माणसांपासून दूर ठेवून तो अलगद आत सोडा, तोंडाशी खूण करा, मग तोच बाहेरून नळीला लावा. टोक कानाच्या, म्हणजे ठिणगी आत जाण्याच्या भोकाच्या, बरंच अलीकडे थांबलं तर आत काहीतरी आहे. स्वतः उकरू नका. आखूड काडीनं हे कळायचं कसं?

व्यापाऱ्यानं तुर्की पिस्तुलांचंही ऐकवलं. खरं आहे, त्यांचा गज बहुधा सुटा, अंगावर लटकवलेला असे. इंग्रजी घोडदळाच्या पिस्तुलांना तो पडू नये म्हणून नळीलाच बिजागरीनं जोडू लागले. पण आमच्या पिस्तुलाला नळीखाली गजाची खाच आहे, आणि ती मी त्याला स्वतः दाखवली होती!

शंभर वर्षांवरच्या अशा वस्तूंना १९७२ चा पुरावस्तू कायदा लागतो, विकणाऱ्याकडे परवाना हवा. तो आधी मागा. गोड बोलणाऱ्यांपासून जपा, हे वेगळं सांगायला नको.

ती काडी मी फेकलेली नाही. चिठ्ठी लावून पिस्तुलाशेजारी ठेवलीय. व्यापाऱ्याचं नाव चिठ्ठीवर आहे, इथे नाही.