पानिपतचा धडा

'पानिपतच्या पराभवापासून मिळणारे धडे लिहा,' या प्रश्नाचे उत्तर मी पाठ केले होते. मराठे अनुभवातून शिकलेच नाहीत, असे त्यात होते. आज ते मला पटत नाही. फेब्रुवारी १७६० मध्ये उदगीरला इब्राहिमखान गारद्याच्या तोफखान्याच्या बळावर निजाम नमला. तोच अनुभव गाठीशी बांधून सदाशिवरावभाऊ उत्तरेत गेले. पण उदगीर दक्षिणेत, आपल्या मुलखालगत होते. पानिपतास अब्दालीने रसद तोडली आणि १४ जानेवारी १७६१ रोजी उपाशी फौजेला लढावे लागले. धडा खरा होता, परिस्थिती निराळी होती. इतिहासापासून शिकता येते, असे मी म्हणेन. मात्र 'तेव्हा काय घडले?' यासोबत 'आज काय बदलले आहे?' हेही विचारावे लागते. माझ्या पाठ उत्तरात हा दुसरा प्रश्न नव्हता.